लोकरीचं पाणी आणि बुधवारची खोली

मला एका शब्दाचा अर्थ हवा होता, एवढंच. त्यापायी गिरणीचं धुलाईखातं तीन आठवडे बंद पडेल, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत मेंढ्यांचा वास पोचेल आणि माझं नाव माझ्या पौरुषासकट ग्रामपंचायतीच्या दारावर आठ दिवस चिकटवलेलं राहील, असं कोणी आधी सांगितलं असतं, तर मी तो शब्द पाहून न पाहिल्यासारखा केला असता.

शब्द माझ्या बायकोच्या ट्यूबवर होता.

ट्यूब पिठाच्या डब्यामागे होती. मी कॉफी शोधत होतो. पाच मुलं आणि तीन खोल्या असलेल्या घरात कुठलीच वस्तू फार काळ लपून राहत नाही, पण ही राहिली होती, म्हणजे ती मुद्दाम लपवलेली होती. आता, मी वाचायला शिकलो एकोणचाळिसाव्या वर्षी, हुकूमशाही पाडणाऱ्या क्रांतीनंतर निघालेल्या संध्याकाळच्या वर्गात. उशिरा शिकलेल्या माणसाला वाचायचं थांबता येत नाही. काडेपेटी, सार्डिनचा डबा, बसच्या तिकिटाची मागची बाजू, सगळं मी शेवटपर्यंत वाचतो. ट्यूबही वाचली.

"काय वाचताय?" एर्मेलिंदा मागे येऊन उभी होती.

"हे काय आहे गं?"

"वाचलंत ना? मग विचारता कशाला?"

पण तिने सांगितलं. आमच्या धाकट्याच्या वेळी कोविल्यां शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हटलं होतं, की सहाव्या खेपेला मूल घरी जाईल, आई जाणार नाही. ते मी विसरलो नव्हतो. तिने रोजच्या गोळ्या घेऊन पाहिल्या, तर पाय सुजले आणि रक्तदाब चढला. मग आरोग्यकेंद्रातल्या ग्रासिएत नर्सने तिला आत बसवायची रबराची एक वाटी दिली आणि वाटीला लावायला ही जेली. दर बुधवारी दुपारी ग्रासिएतबाई मागच्या खोलीत बसायच्या. बायका बाजाराची पिशवी घेऊन निघायच्या, रस्त्यात वळायच्या आणि पिशवीत कोबीखाली काहीतरी घेऊन घरी यायच्या. आमच्या गावात हे दीड वर्ष चाललं होतं आणि एकाही पुरुषाला पत्ता नव्हता.

"आता कोणाला विचारत फिरू नका," ती म्हणाली.

"छे! मी कशाला विचारीन?"

आणि खरंच माझा तसा विचार नव्हता. पण तो शब्द! 'नोनिलफेनॉ...' असा सुरू होऊन तो ट्यूबच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथे न संपता खालच्या ओळीत उतरत होता. एवढं लांब नाव जगात दोघांचं असणं शक्य नाही. आणि ते मी आधी वाचलेलं होतं. रोज वाचत होतो. आमच्या धुलाईखात्यात कोपऱ्यात उभ्या असलेल्या निळ्या पिंपावर.

मी त्या खात्याचा मुकादम. माझ्या हाताखाली अकरा माणसं. मेंढीच्या अंगावरची लोकर आमच्याकडे येते तेव्हा तिच्यात चरबी, घाम, काटे आणि डोंगराचा निम्मा चिखल असतो. चार हौदांतून ती पुढे सरकते आणि शेवटच्या हौदातून पांढरी होऊन निघते. पूर्वी साबण आणि सोडा वापरायचे. वीस वर्षांपासून ते निळं पिंप होतं. त्यातलं थोडंसं पाण्यात टाकलं की चरबी अशी सुटते, जणू तिला कोणी बाहेर बोलावलंय.

मग जे मेंढीची चरबी काढतं ते माणसाचं मूल कसं थांबवतं? दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी फक्त गिरणीच्या इंजिनिअरसाहेबांना विचारलं. ते काही गावातले नव्हते, पोर्तो शहरातले होते, म्हणून ते 'कोणाला' या शब्दात मी धरले नाहीत.

साहेबांना कोणी कधी काही विचारत नसे. त्यांनी खुर्ची दिली.

"हे बघा झेफेरिनो. त्याच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला चरबी. शेपूट चरबीत घुसते, डोकं पाण्याला धरतं, आणि चरबी उचलून नेली जाते."

"साबणही तेच करतो ना साहेब?"

"करतो. पण साबणाच्या डोक्यावर विजेचा भार असतो. पाण्यात चुना असला की साबण त्याच्याशी बिलगून बसतो, काम सोडून देतो. याच्यावर भार नाही. अधिकही नाही, उणाही नाही. त्यामुळे हा कोणाशीच भांडत नाही, कुठल्याही पाण्यात निमूट काम करतो."

अशा स्वभावाचा आमच्या गावात एकही माणूस नव्हता. मला त्या पिंपाविषयी आदरच वाटू लागला.

"आणि बायकांच्या ट्यूबमध्ये घातला तर?" मी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्यांना एक महत्त्वाचं पत्र लिहायचं असल्याचं आठवलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण शनिवारी दुपारी कॉफीच्या दुकानात डॉमिनो खेळताना माझा डाव वाईट आला होता. डाव वाईट आला की मी बोलतो. माझ्यासमोर माझ्याच खात्यातले दोघे होते. बेलार्मिनो, वय पंचावन्न, जगातल्या प्रत्येक गोष्टीत त्याला आधीच शंका होती. आणि तोमे, वय बत्तीस, लग्नाला तीन वर्षं झालेला, शांत माणूस. मी कोणाचंही नाव न घेता, निव्वळ ज्ञानाची गोष्ट म्हणून सांगितलं, की मूल राहू नये म्हणून बायका जी जेली वापरतात तिच्यात आपल्याच पिंपातलं औषध असतं. पुरुषाचं बीज ते जागच्या जागी मारून टाकतं.

मला वाटलं, ते 'अरे वा' म्हणतील.

तोमेने हातातला ठोकळा खाली ठेवला. मग स्वतःचे हात वर करून पाहिले. तळवे, मग मागची बाजू. दुकानातल्या चार टेबलांवरचे आवाज एकेक करून बंद झाले.

"अकरा वर्षं," तोमे म्हणाला. "मुकादम, अकरा वर्षं माझे हात कोपरापर्यंत त्यात आहेत."

त्याला मूल नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सोमवारी माझी अकरा माणसं हौदांपाशी हात खिशात घालून उभी होती. मुकादम झाल्यापासून मी त्यांचे हात खिशात पाहिले नव्हते, त्यांना खिसे आहेत हेच मला नवीन होतं.

"आम्हाला कागद हवा," बेलार्मिनो म्हणाला.

"कसला कागद?"

"शिक्क्याचा. निळा. सरकारने लिहून द्यावं, की आमचं काही गेलेलं नाही."

"अरे, मी सांगतो ना, काही जात नाही!"

"तुम्ही शनिवारी सांगितलंत की जातं."

आमच्या देशात त्या काळी निळ्या शिक्क्याच्या कागदाशिवाय काही खरं धरलं जात नसे. त्यावर पंचवीस ओळी असायच्या. अक्षर समासाबाहेर गेलं की अर्ज बाद. माणूस जन्माला आला, मेला, त्याने कोंबड्यांचं खुराडं वाढवलं, सगळं त्या पंचवीस ओळींत बसवावं लागे. मी तीन कागद फुकट घालवले. पहिल्यात एकोणिसाव्या ओळीला 'पौरुष' समासाबाहेर गेलं. दुसऱ्यावर कॉफी सांडली. तिसऱ्यात मी 'गिरणीच्या लोकरीचं पाणी' इतकं तपशिलात लिहिलं, की पंचवीस ओळी संपल्या तरी तक्रारीपर्यंत पोचलोच नाही. चौथा साधला. तो घेऊन मी ग्रामपंचायतीच्या खिडकीपाशी गेलो.

खिडकीमागे क्वारेज्मा नावाचे कारकून होते. त्यांनी पुढच्या कागदावरून मान वर केली नाही.

"कामावरची इजा. अवयव कोणता?"

माझ्यामागे रांगेत आठ माणसं होती.

"खालचा," मी म्हणालो.

"पाय."

"पायाच्या वर."

"गुडघा."

"त्याच्याही जरा वर."

क्वारेज्मांनी लेखणी ठेवली. "माझ्या यादीत बोट आहे, डोळा आहे, कान आहे. पायाची करंगळीसुद्धा आहे. तुम्ही म्हणता तो अवयव यादीत नाही. तो गेला आहे, की जाण्याची शंका आहे?"

"शंका आहे."

"मग शंकेचा अर्ज. आणि अकरा जणांचा एक अर्ज घेता येत नाही. अर्जदार एकच. नाव सांगा."

"माझं कशाला? मला शंका नाही, त्यांना आहे."

"खिडकीवर कोण उभं आहे?"

मी माझं नाव सांगितलं. मागून कोणीतरी सहानुभूतीने खाकरलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं, की शंकेच्या अर्जाची जाहीर नोटीस लागते. गुरुवारी ती ग्रामपंचायतीच्या दारावर लागली. धुलाईखात्याचे मुकादम झेफेरिनो यांना आपल्या पौरुषाच्या स्थितीविषयी शंका असून, याबाबत कोणाची हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी.

वाचता न येणाऱ्यांना वाचता येणाऱ्यांनी वाचून दाखवली. मी ज्या वर्गात शिकलो त्याच्या मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. आमच्या घरासमोरच्या गॅलरीतल्या फेलिस्मिनाबाई मात्र न बोलता राहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"झेफेरिनो! मी हरकत घेऊ का रे? घेते! माझ्यासमोर पाच बारशी झालीत!"

"बाई, जरा हळू."

"हळू कशाला? दारावर लावलंयस ना? शेळीचं दूध पी. आणि थंड दगडावर बसू नकोस. माझ्या मोठ्या दिराचं त्यानेच गेलं. सेरेजो गावात एक म्हातारी आहे, ती चेस्टनटच्या पानांचा काढा देते. आधी पुरुषाला देते आणि मग उरला तर बैलाला."

रविवारी चर्चमध्ये आम्ही सात जण ओळीने बसलो आणि मला माझ्या मानेवर लोकांची नजर जाणवली. नजर माझ्यावर नव्हती, मुलांवर होती. नाकं, हनुवट्या, कान मोजले जात होते. माझ्या तिसरीचे केस तांबूस आहेत. ते माझ्या आजीकडून आलेत, पण आजी जाऊन बावीस वर्षं झालेली, साक्षीला कोणाला उभं करू? पाद्रीबाबांनी त्या दिवशी प्रवचनाला संत जोसेफ घेतला, पोटचं नसलेलं मूल आपलं म्हणून वाढवणारा. मी त्यात काही हेतू नव्हता असंच धरून चाललो आहे.

इकडे लोकर साचत होती. कातरणीचा मोसम. डोंगरावरून रोज गाड्या यायच्या आणि धुणारे नाहीत म्हणून गठ्ठे अंगणात पडायचे. उन्हाने त्यांना असा वास सुटला, की खालच्या आळीतल्यांनी खिडक्या बंद केल्या. आणि दुसऱ्या बाजूने, ज्या बायकांना आजवर बुधवारच्या खोलीत जायचा धीर नव्हता, त्या रिकाम्या बाटल्या घेऊन गिरणीच्या मागच्या दाराशी येऊ लागल्या. पिंप तर तिथे आहेच, मग नर्स कशाला? मी त्यांना हाकलत होतो, तरी फेलिस्मिनाबाईंनी भाचीसाठी म्हणून एक बाटली भरून नेलीच, आणि घरी तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली. त्यांचे यजमान कासिमिरो यांनी दुपारी सॅलडवर त्यातलं ओतलं, वर व्हिनेगर घातलं आणि नीट ढवळलं. लेट्यूसला फेस आला. तो वाडग्याच्या काठावरून टेबलावर उतरू लागला तेव्हा कासिमिरो खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, की भाजी पिसाळली आहे. सुदैवाने एकही घास कोणाच्या पोटात गेला नाही. मी स्वतः ती बाटली परत आणली आणि पिंपाला कुलूप लावलं.

हे सगळं मला सोसलं असतं. माणूस हसण्याचा विषय होतो आणि पुढच्या जत्रेपर्यंत दुसरा कोणीतरी होतो. पण बुधवारच्या खोलीची खबर एव्हाना पुरुषांनाही लागली होती, आणि एका बुधवारी कॉफीच्या दुकानासमोरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती आणि आतून बेलार्मिनो ओरडला, "काय वहिनी, लोकर धुवायला का?" सगळं दुकान हसलं. ती बाई रस्त्यात वळली नाही. सरळ पुढे गेली, पुलापर्यंत, आणि पुलावरून परत फिरली.

त्या बुधवारी खोलीत कोणी आलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही.

एर्मेलिंदा माझ्याशी नोटीस लागल्यापासून बोलत नव्हती. 'बापाला सांग सूप गरम आहे,' असं मुलांमार्फत चाललं होतं. त्या दिवशी तिने मुलांना बाहेर पाठवलं आणि माझ्यासमोर बसली.

"ग्रासिएतबाईंना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तिसरा बुधवार रिकामा गेला की खोली दात काढणाऱ्याला देणार. वहीत नावं नाहीत तर खोली कशाला, म्हणाले."

"तू जा ना. तू तर घाबरत नाहीस."

"मी एकटी वही भरू? झेफेरिनो, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. माझी ट्यूब संपत आलीय. खोली गेली की मी कुठे जाऊ? कोविल्यांला? तिथला औषधवाला नवऱ्याची चिठ्ठी मागतो. आणि तुम्हाला व्हरांड्यात डॉक्टर काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं होतं. दार उघडं होतं."

तिने मला नावाने हाक मारली, आणि दार उघडं असल्याचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मी सूप तसंच ठेवून उठलो.

ग्रासिएतबाई पन्नाशीच्या, आफ्रिकेत फौजेच्या इस्पितळात काम केलेल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"आलात? शंकेखोर."

"बाई, मला शंका नव्हती. मी फक्त एक शब्द..."

"माहीत आहे. तुमच्या शब्दाने माझ्या एकतीस बायका घरी बसवल्या. आणि ऐका, पिंपातलं आणि ट्यूबमधलं एकाच घराण्यातलं असलं तरी ते एक नव्हे. चुलत भावंडं आहेत. ट्यूबमधलं शरीरासाठी शुद्ध केलेलं असतं, मोजून घातलेलं असतं. पिंपातलं लोकरीसाठी. ते कोणी आत वापरलं तर जखमा होतील. मुळात ट्यूबमधलंसुद्धा वरचेवर वापरलं तर आग होते, आणि ते एकट्याने पुरतही नाही, म्हणून सोबत वाटी देते मी. हे सगळं सांगायला मला ती खोली हवी."

"माझ्या माणसांना तुम्ही एक कागद द्या, की त्यांचं काही गेलेलं नाही. मग ते गप्प बसतील."

"माझ्याकडे शिक्का नाही."

मी घरी आलो तर दारात एक पाहुणा उभा होता. हातात चामड्याची पेटी, काखेत माझा निळा अर्ज.

"मी लियांद्रो, सरकारी पशुवैद्य," तो म्हणाला. "मेंढा कुठे आहे?"

"कसला मेंढा?"

"हा अर्ज पशुसंवर्धन खात्याकडून आलाय माझ्याकडे. लोकर, चरबी, प्रजननक्षमतेची शंका. वय त्रेचाळीस लिहिलंय, ते मी चार-तीनमधली चूक असेल असं धरलं. मेंढा आणा, मी तपासतो."

माझ्या अर्जात 'लोकर' हा शब्द सात वेळा आला होता. कोणीतरी तो जिथला तिथे पोचवला होता.

"मेंढा नाही," मी म्हणालो. "मी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अर्ज पुन्हा वाचला. मग तो उंबऱ्यावरच बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. समोरच्या गॅलरीतून फेलिस्मिनाबाई विचारत होत्या, डॉक्टर काय म्हणाले, आशा आहे का?

पण माणूस चांगला होता. कॉफी झाल्यावर मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि तो हसायचा थांबला. "अहो, पण हे मी दाखवू शकतो," तो म्हणाला. मेंढ्यांचं बीज तपासायला त्याच्या पेटीत सूक्ष्मदर्शक होता. ते जिवंत आहे की नाही ते त्यात दिसतं. "एक थेंब बीज, एक थेंब तुमच्या बायकोच्या ट्यूबमधलं. तुमच्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं."

मी त्याला हाताला धरून ग्रासिएतबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"ठीक. बुधवारी दुपारी तीन वाजता. पण माझी एक अट आहे. या खोलीत एकटा पुरुष मी घेणार नाही. ज्याला आपल्या मर्दानगीची खबर हवी असेल त्याने बायकोला घेऊन यायचं. दोघांची नावं वहीत लिहीन, मगच आत."

मी खात्यात जाऊन सांगितलं. बेलार्मिनो म्हणाला, हा कावा आहे. तोमे म्हणाला, "मी येतो." मग बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले, कारण जो येणार नाही त्याला खबर आधीच माहीत आहे असं लोक म्हणतील, हे प्रत्येकाच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या बुधवारी अकरा जोडपी आली. मी आणि एर्मेलिंदा धरून बारा. शिवाय फेलिस्मिनाबाई, ज्या साठीच्या होत्या आणि कासिमिरोंना दंडाला धरून घेऊन आल्या होत्या. "सॅलडची खबर हवी आम्हाला," त्या म्हणाल्या. मोठे डॉक्टर दारातून डोकावले, एवढी गर्दी पाहून चकित झाले आणि वहीतली नावं पाहून गेले.

पशुवैद्याने पेटीतून थर्मास काढला. कासिमिरोंनी कॉफी आहे का विचारलं. त्यांना सांगितलं, नाही, मेंढ्याचं बीज आहे.

पहिला तोमे वाकला. डोळा लावला आणि तसाच राहिला.

"काय दिसतंय?" बेलार्मिनोने विचारलं.

"माणसं आहेत," तोमे हळूच म्हणाला. "म्हणजे... जत्रा सुटल्यासारखी. सगळी पळतायत."

मग माझा नंबर आला. काय सांगू! मी आयुष्यभर मेंढ्यांच्या लोकरीत उभा राहिलो, पण त्या काचेखाली जे पाहिलं तसं काही पाहिलं नव्हतं. एका थेंबात हजारो बारीक जीव, प्रत्येकाला शेपूट, प्रत्येकाला घाई, आणि कुठे जायचंय ते एकालाही माहीत नसावं. पशुवैद्याने कडेने ट्यूबमधल्या औषधाचा पातळ थेंब सोडला. थेंब पसरत गेला आणि जिथे पोचला तिथली धावपळ थांबली. मारामारी नाही, धडपड नाही. नुसती थांबली.

"त्यांच्या अंगावर चरबीचा पातळ पापुद्रा असतो," ग्रासिएतबाई म्हणाल्या. "तोच विरघळतो. लोकरीवरची चरबी सुटते तसाच. पापुद्रा गेला की आतलं बाहेर."

आम्ही पुरुषांनी टोप्या काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. बायका मात्र आम्हाला कोपराने ढकलून पुढे आल्या.

"बघू तरी! हे? एवढंसं?" बेलार्मिनोची बायको काचेला डोळा लावून म्हणाली. "आणि एवढ्याशासाठी हा माणूस तीस वर्षं टेबलावर माझ्या आधी जेवायला बसतो?"

"ते मेंढ्याचं आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"मग तुझं याहून मोठं असेल असं समज हवं तर."

तोमे हसला नाही. त्याने बाह्या सारून हात पुढे केले. "बाई, माझे हात अकरा वर्षं त्यात आहेत. हातातून आत जातं का?"

ग्रासिएतबाईंनी त्याचा हात हातात घेतला. पंज्याला भेगा पडलेल्या होत्या, लोकर धुणाऱ्याचा हात तो. "त्याने कातडी कोरडी होते, फुटते. नीट हातमोजे मागा गिरणीकडून. पण कातडी म्हणजे ओला कागद नव्हे, तोमे. तुमच्या हाताला जे लागतं ते तिथवर पोचत नाही. मूल का राहत नाही त्याला शंभर कारणं असतात, निम्मी तर बायकोकडची असतात. तुम्हा दोघांना मी कोइंब्राच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी देते. तिथे तपासतील. पण ह्याच्यामुळे नाही, एवढं मी आज सांगते."

तोमेच्या बायकोने त्याच्या दंडाला धरलं. पण बेलार्मिनोचं समाधान झालं नव्हतं.

"तुम्ही सांगता हो बाई. पण पुरावा काय? आमच्यातले सगळ्यात जास्त वर्षं हात बुडवलेले मुकादम. वीस वर्षं. आता त्यांना पाच मुलं आहेत, खरं आहे, पण..." तो थांबला. 'पण' मात्र खोलीत तसाच राहिला. माझ्या तिसरीच्या केसांचा विचार तिथे सव्वीस जण करत होते, मला तो ऐकू येत होता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे. एर्मेलिंदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाचही यांचीच आहेत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "वीस वर्षं यांचे हात त्या पाण्यात आहेत आणि वीस वर्षांत त्या पाण्याने यांचं काहीएक वाकडं केलेलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तेच नाही झालं, म्हणून तर मला दर बुधवारी इथे यावं लागतं."

 मग पहिल्यांदा फेलिस्मिनाबाई हसल्या. त्यांच्यामागून सगळ्या बायका, आणि शेवटी पुरुष. बेलार्मिनोसुद्धा हसला, पण बायकोकडे बघून घेऊन. मी हसलो की नाही ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की वीस वर्षांत माझ्याविषयी एवढी चांगली गोष्ट कोणी चारचौघांत बोललं नव्हतं, आणि ती अशा प्रकारे बोलली जाईल असं मला वाटलं नव्हतं.

ग्रासिएतबाईंनी टाळी वाजवली. "झालं? खबर मिळाली? आता पुरुष बाहेर. मला माझ्या बायकांशी बोलायचंय. एर्मेलिंदा, तू आधी ये."

दार लागलं. आम्ही तेरा पुरुष आणि एक पशुवैद्य व्हरांड्यातल्या लांब बाकावर ओळीने बसलो, बायकांच्या पिशव्या मांडीवर, टोप्या पिशव्यांवर. रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्या तिघीचौघी फाटकाशी थांबल्या, आम्हाला पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि सरळ आत आल्या. आमच्यापुढून, मान ताठ करून. कोणी हाक मारली नाही. बेलार्मिनोने तर उठून त्यांना दार उघडून दिलं.

मग आतून हसण्याचा आवाज आला. थांबला, पुन्हा आला, या वेळी मोठा. आम्ही दाराकडे पाहिलं.

"कशावर हसतायत?" तोमेने विचारलं.

ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मी एर्मेलिंदाला त्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि त्यानंतर गेली एकवीस वर्षं अधूनमधून विचारतो. ती सांगत नाही.